साहेबांच्या लेखातली मुलगी

साहेबांनी हाताने लिहिलेला लेख मी त्यांच्याच घरी बसून कॉम्प्युटरवर उतरवत होते, आणि चौथ्या परिच्छेदात माझी आई मेली. नाव नव्हतं. 'माझ्या कंपनीतली एक अविवाहित स्टेनोग्राफर' एवढंच होतं. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप येऊनही ती म्हणे खुर्चीतून उठली नाही. हातातलं काम संपवून मगच गेली, तोवर आई गेली होती. पुढे साहेबांचा सवाल होता : नोकरीने आपल्या मुलींचं हे काय करून ठेवलं आहे?

मला राग आला, असं म्हणून भागणार नाही. तो का आला आणि अजून का गेला नाही, ते नीट सांगते.

आम्ही कानडी मुलखातल्या बसवनगुडीचे. तीनेकशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कानडी. वडिलांना मी अण्णा म्हणायची. ते शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. मी एकुलती एक. माझं लग्न जमलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यात साहेबांचा काही दोष नाही.

येलहंक्याच्या पलीकडे पंपांना लागणाऱ्या विजेच्या मोटर बनवणारा एक कारखाना होता. तिथे मी स्टेनो म्हणून लागले. साहेब पुण्याहून जनरल मॅनेजर म्हणून आले आणि नव्वदचं दशक सुरू झालं तेव्हा मॅनेजिंग डायरेक्टर झाले होते. उंच, देखणे, कडक इस्त्रीचे शर्ट. मराठी येते म्हणून त्यांनी मला आपल्या केबिनबाहेर बसवलं, आणि मराठीवरूनच पहिल्या दिवशी माझी थट्टा केली. मी म्हटलं होतं, "सर, स्वल्प थांबा, फाईल आणते."

"स्वल्प? थोडं म्हणायचंय का?" ते हसले. "अहो बाई, हे कुठलं मराठी? तुमच्या आईला हे कळतं का?"

"आईकडूनच शिकले, सर," मी म्हटलं.

एवढ्या थट्टेनंतर त्यांनी मला दिलेलं पहिलं खाजगी काम कोणतं, तर स्वतःच्या आईला पत्र लिहायचं. त्यांची आई पुण्यात धाकट्या भावाकडे असे. साहेबांना वेळ नसे. दर महिन्याला मी हाताने एक पत्र लिहायची, तब्येत कशी आहे, गुडघे कसे आहेत, इकडे थंडी पडली आहे, आणि साहेब खाली सही करायचे. न वाचता. एकदा त्यांच्या आईचं उत्तर आलं, 'अलीकडे तुझ्या पत्रात फार माया असते.' ते पत्रही साहेबांनी माझ्याकडेच फाईलला लावायला दिलं. मी तेव्हा खूश झाले होते. आज त्या खुशीची लाज वाटते.

त्या वर्षांत सगळीकडे एकच बोलणं होतं, देशाची दारं उघडली. साहेब त्या बोलण्यात सर्वांच्या पुढे. कामगारांना कँटीनमध्ये जमवून ते सांगायचे की जुन्या सवयी सोडा, जगाबरोबर चला, भावना घरी ठेवून या. 'भावना घरी ठेवून या' हे त्यांचं आवडतं वाक्य. मग परदेशी कंपनीशी बोलणी सुरू झाली. त्यांचे लोक महिन्याआड यायचे. त्यांच्यासाठी कारखान्यातला देव्हारा रिसेप्शनमधून उचलून स्टोअरच्या मागे नेला, कारण साहेबांच्या मते तो 'प्रोफेशनल' दिसत नव्हता. देव्हारा हलवायचा हुकूमही मीच टाईप केला.

अशाच एका बैठकीच्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे.

सकाळी आईने डबा दिला, कंपनीच्या बसपर्यंत सोडायला आली. तिला काहीही होत नव्हतं. बैठक दहाला सुरू झाली. मी कोपऱ्यात बसून मिनिट्स, म्हणजे बैठकीची टिपणं, घेत होते. मधूनमधून हवाई दलाची विमानं डोक्यावरून जायची, मग सगळे बोलायचे थांबायचे आणि पाहुणे हसायचे. बाराच्या सुमारास टेलिफोन ऑपरेटर दाराशी आली. तिने साहेबांना खूण केली. साहेब उठून गेले, दोन मिनिटांत परत आले, बसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मागचं वाक्य वाचा."

मी वाचलं.

बैठक अडीचला संपली. पाहुणे जेवायला गेले तेव्हा साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या शेजाऱ्यांचा फोन होता. आईला जरा बरं नाहीये म्हणे. हॉस्पिटलात नेलंय. तुम्ही निघा. असं करा, माझी गाडी घेऊन जा."

मला वाटलं, फोन आत्ताच आला. साहेबांची गाडी, मागच्या सीटवर मी एकटी. जाताना मी त्यांना दोनदा थँक्यू म्हटलं. दोनदा!

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा आईला जाऊन दोन तास होत आले होते. अण्णा व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी समजले, दुःखाने.

दहाव्या दिवशी शेजारच्या अक्का माझ्यापाशी येऊन बसल्या. त्या कानडी, पण आईच्या संगतीत मोडकंतोडकं मराठी बोलायला शिकलेल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मी बाराला फोन केला की गं. एकजण मराठीत बोलले. मी सांगितलं, आई सीरियस, लवकर पाठवा. ते म्हणाले, सरी, बरं, सांगतो. तू का नाही आलीस?"

मला ऑपरेटरची खूण आठवली, साहेबांचं उठून जाणं आठवलं, आणि 'मागचं वाक्य वाचा' आठवलं. ते माझ्याकडे बघून बोलले होते. डोळ्यांत डोळे घालून.

अक्कांना मी एवढंच सांगितलं, निरोप मला अडीचला मिळाला, पण अण्णांना हे कळू देऊ नका. का सांगितलं? कळलं तर अण्णा म्हणणार, ती नोकरी आजच्या आज सोड, आणि घर माझ्यावर चाललं होतं. शिवाय, कळूनही मी पुन्हा त्याच माणसासमोर वही घेऊन बसणार, हे मला माहीत होतं. ते अण्णांनी बघू नये असं मला वाटलं. आता कळतं की आयुष्यातली सर्वांत मोठी चूक मी त्या दहाव्या दिवशी केली.

कामावर गेल्यावर मी साहेबांना विचारलं. दार लावून, उभ्यानेच. "सर, फोन बारालाच आला होता ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही सर."

"मग लवकर जाऊन काय केलं असतंत? त्या खोलीत मिनिट्स घेणारं दुसरं कोणी नव्हतं. बैठक विस्कटली असती तर उद्या या सगळ्या कारखान्याचं काय झालं असतं? इट वॉज अ जजमेंट कॉल. कोणीतरी घ्यावाच लागतो." मग आवाज मऊ करून, "गाडी दिली होती ना मी?"

मी बाहेर येऊन टाईपरायटरवर बसले. बोटं चालत होती.

करार झाला. वर्षाभरात परदेशी कंपनीचा हिस्सा वाढला, जुन्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले गेले, आणि त्यात स्वेच्छा किती होती ते फॉर्म टाईप करणाऱ्या मला माहीत आहे. आणखी वर्षाने त्यांनी साहेबांनाच नारळ दिला. शाल, चांदीची तबकडी, इंग्रजीत भाषणं. भावना घरी ठेवून आलेल्या तरुण लोकांनी साहेबांना दहा मिनिटांत निरोप दिला. थोड्याच दिवसांत माझीही जागा रद्द झाली.

साहेबांचं घर जयनगरला. त्यांनी मला बोलावलं. "सकाळी चार तास या. मला थोडं लिहायचं आहे." मी गेले. दुसरं काम नव्हतं, आणि चाळिशीकडे झुकलेल्या स्टेनोला कोणी दारात उभं करत नव्हतं.

सुरुवातीला ते दिवसभर फोनकडे बघत बसत. तो वाजत नसे. मग क्लबातल्या ओळखीने एका इंग्रजी दैनिकात रविवारचं सदर मिळालं. पहिले लेख व्यवस्थापनावर होते, ते कोणी वाचले नाहीत. मग एकदा चिडून त्यांनी ब्रिगेड रोडवर नव्याने उघडलेल्या परदेशी खाण्याच्या दुकानांवर लिहिलं. आपली चूल, आपले संस्कार, आपल्या सणावाराची शिस्त. त्या आठवड्यात ढीगभर पत्रं आली. साहेबांनी ती सगळी मला मोठ्याने वाचायला लावली. आणि तिथून गाडी सुटली. एकत्र कुटुंब, गुरूंचा मान, देवळांची उपेक्षा, संप करणारे कामगार, केस कापणाऱ्या मुली, घटस्फोट. देशाची दारं उघडा म्हणणारा माणूस आता दारं कशी लावावीत ते शिकवू लागला. देव्हारा स्टोअरच्या मागे टाकणाऱ्याने देव्हाऱ्यावर दोन लेख लिहिले. त्यांच्या आईला जाणारी पत्रं अजूनही मीच लिहीत होते.

लोक घरी येऊ लागले. आधी क्लबातले, मग कपाळावर गंध लावलेले, मग पक्षाचे. बाहेर गाड्या उभ्या राहायच्या. साहेबही झब्बा घालू लागले. मी आतल्या खोलीतून ऐकायची. कोणी म्हणायचं, "सर, तुम्ही आमच्या मनातलं लिहिता." साहेब म्हणायचे, "मी फक्त पाहिलेलं लिहितो."

पाहिलेलं!

आमच्या घरी अण्णा त्या सदराचे भक्त होते. रविवारी सकाळी कात्री घेऊन बसायचे. कात्रणं जुन्या शाळेच्या फायलीत. "काय इंग्रजी आहे! आणि तू अशा माणसाकडे काम करतेस," असं ते मला म्हणायचे. आई गेल्यापासून ते माझ्याशी एवढं एकच वाक्य आनंदाने बोलत. बाकी आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, बिल भरलं का. मला वाटायचं, म्हातारपण.

आणि मग तो चौथा परिच्छेद.

मी थांबले. उठून बाहेरच्या खोलीत गेले. साहेब वर्तमानपत्र वाचत होते.

"सर, ही मी आहे."

"कोण?"

"ही स्टेनोग्राफर. ही माझी आई आहे."

त्यांनी चष्मा काढला. खरंच नवल वाटल्यासारखं तोंड केलं. "अहो, नाव कुठे घातलंय? हे एक उदाहरण आहे. असं घडतं की नाही समाजात?"

"पण निरोप मला मिळालाच नव्हता. तो तुम्ही..."

"बाई, लेखात एवढे बारकावे चालत नाहीत," ते म्हणाले. "वाचकाला मुद्दा लागतो. आणि स्वतःकडे जरा प्रामाणिकपणे बघा. निरोप मिळाला असता तरी तुम्ही मिनिट्स टाकून उठला असतात का? मी तुम्हाला बारा वर्षं ओळखतो."

मी परत खोलीत गेले आणि लेख पुरा केला. हो, केला. एका ठिकाणी त्यांचं स्पेलिंग चुकलं होतं, तेही सुधारलं. माझा सगळ्यात जास्त राग कुणावर आहे असं कोणी विचारलं तर मी साहेबांचं नाव घेईन. पण त्या खोलीत खाली मान घालून स्पेलिंग सुधारणाऱ्या बाईलाही मी सोडलेलं नाही.

रविवारी लेख छापून आला. अण्णा खिडकीपाशी वाचत होते. मी भाजी निवडत होते. बराच वेळ कात्रीचा आवाज आला नाही म्हणून वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. आणि कापायला लागले.

'अण्णा, तसं नाही झालं' इतकं म्हणायला काय लागतं? मला ते म्हणता आलं नाही. सोमवारी साहेबांकडे गेले नाही. माझ्याकडे राहिलेल्या त्यांच्या लेखांच्या फ्लॉप्या एका पाकिटात घालून त्यांच्या घरी पाठवून दिल्या आणि गांधी बाजाराजवळच्या एका टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले.

दोनेक महिन्यांनी गावातल्या मराठी मंडळींनी जयनगरच्या एका सभागृहात साहेबांचं व्याख्यान ठेवलं. कुटुंब वाचलं तर देश वाचेल, असा काहीतरी विषय. अण्णा चार दिवस आधीपासून तयारीत. "तूही चल," म्हणाले. मी गेले. ठरवून गेले असं मला म्हणता येत नाही.

सभागृह भरलं होतं. आमच्यासारखी जुनी घराणी पुढे, पुण्या-मुंबईची नवी कॉम्प्युटरवाली मंडळी मागे. साहेब मराठीत छान बोलले. आवाज चढवणं, थांबणं, सगळं जमलं होतं. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. या वेळी तिच्यात भर पडली होती. आता साहेब स्वतः तिला म्हणत होते, 'जा बाई, आधी आईकडे जा, ही माझी गाडी घे,' आणि ती म्हणत होती, 'थांबा सर, एवढं पान होऊ दे.'

सभागृहातून हळहळ उठली. माझ्या बाजूच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी उभी राहिले.

"सर, फोन किती वाजता आला होता?"

साहेबांनी मला ओळखलं. चेहरा जराही हलला नाही. "प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ, बाई."

"बारा वाजता आला होता. तुम्ही घेतलात. आई सीरियस आहे असं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही परत आलात आणि मला म्हणालात, मागचं वाक्य वाचा. अडीच वाजता सांगितलंत." माझा आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. "ती स्टेनोग्राफर मी आहे. मी थांबले नाही. तुम्ही मला थांबवलंत."

कुजबुज झाली. कोणीतरी "अय्यो!" म्हणालं. मंडळाचे एक गृहस्थ लगबगीने माझ्याकडे आले, "ताई, बसा, बसा, कार्यक्रम आहे," म्हणत माझा दंड धरू लागले. मी हात झटकला. व्यासपीठावरून साहेब शांतपणे म्हणाले, "ह्या माझ्याकडे होत्या. आई गेल्यापासून ह्यांची मनःस्थिती ठीक नसते. आपण समजून घेऊ या." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या समजूतदारपणाला टाळ्या!

अण्णा माझ्या शेजारच्याच खुर्चीत होते. ते उठले नाहीत. समोर बघत राहिले. मी एकटी बाहेर पडले आणि जयनगरहून चालत घरी आले.

तासाभराने रिक्षा दाराशी थांबली. अण्णा आले, चपला काढल्या, आणि आईच्या फोटोखालच्या खुर्चीत बसले.

"बारा वाजता निघाली असतीस तर किती वाजता पोचली असतीस?" त्यांनी विचारलं.

"दीडपर्यंत."

"ती दोनपर्यंत शुद्धीत होती. तुझं नाव घेत होती. सारखी दाराकडे बघायची. मी तिला सांगत होतो, निघालीय ती, येईलच. तू साहेबांच्या गाडीतून उतरलीस तेव्हा मला वाटलं, ऑफिस सोडवलं नाही हिला. एवढी वर्षं मला तेच वाटत आलं."

"मग विचारलं का नाहीत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

आम्ही दोघं रडलो नाही. मी ओरडले. अण्णांवर मी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी शेजारच्या अक्का धावत आल्या इतकी ओरडले. तुमची मुलगी तुम्हाला इतकीच कळली? एका छापील लेखावर तुम्ही विश्वास ठेवलात, आणि तुमच्याच हातांत वाढलेली मी! अक्कांनी मग त्यांना फोनचं सगळं सांगितलं, मोडक्या मराठीत, हातवारे करून. अण्णा ऐकत होते आणि मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. शाळामास्तरांच्या इंग्रजीत, स्वल्पविरामासकट नीट. मी त्या मुलीचा बाप आहे, तुमच्या सदरातली हकिकत खोटी आहे, दुरुस्ती छापावी. पत्र छापलं नाही. त्यांनी दुसरं पाठवलं. मग तिसरं. शेवटी छत्री घेऊन स्वतः दैनिकाच्या कार्यालयात गेले. सकाळभर बाकावर बसवून ठेवल्यावर एक तरुण बाहेर आला आणि म्हणाला, "सर, ते मतांचं पान आहे. बातमी नाही. मताची दुरुस्ती नसते."

घरी येऊन अण्णांनी हे मला सांगितलं. "मत?" ते म्हणाले. "माझ्या बायकोचं मरण हे त्याचं मत?"

सदर चालूच राहिलं. साहेब टीव्हीवरच्या चर्चांत दिसू लागले, समित्यांवर गेले, लेखांचं पुस्तक निघालं आणि चांगलं खपलं. ती गोष्ट त्यात आहे, व्याख्यानात वाढवलेल्या रूपात. अण्णा दोन वर्षांनी गेले. शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळून हलले नाही, क्लासातून तीन आठवडे सुट्टी घेतली. ती मागताना मी विनंती केली नाही, सांगितलं.

अलीकडे एका लग्नात कोणीतरी कौतुकाने विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात ना? केवढा मोठा माणूस! आता फार थकलेत म्हणे." बाजूच्या नातलग बाईंनी मला हळूच चिमटा काढला, शुभकार्यात नको म्हणून. मी ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, बारा वाजल्यापासून अडीच वाजेपर्यंत. त्यांचं जेवण थांबलं. मला वाईट वाटलं नाही. जो कोणी विचारेल त्याला मी हे सांगते, आणि सांगताना आवाज चढतो, तो मी आता खाली आणत नाही.